आधी करार, मग प्रेम

२३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या मैदानावर शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव करणारा इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली हा एक नाकारलेला नवरदेव होता. दहा वर्षांपूर्वी आयर्लंडमध्ये त्याने किटी पॅकनमला मागणी घातली होती. तिला तो पसंत होता, तिच्या भावाला नव्हता. घराण्यातला धाकटा मुलगा, डोक्यावर कर्ज, सैन्यातली जेमतेम कमाई. अशा स्थळी उमरावाची बहीण कोण देणार? वेलस्ली हिंदुस्थानात आला. म्हैसूरच्या आणि मराठ्यांच्या विरुद्धच्या मोहिमांत त्याने नाव, पैसा आणि 'सर' ही पदवी मिळवली आणि १८०५ साली तो परतला. आता पॅकनम घराण्याची हरकत उरली नव्हती. इतक्या वर्षांत किटीला एकदाही न पाहता त्याने पुन्हा मागणी घातली आणि १० एप्रिल १८०६ रोजी डब्लिनमध्ये त्यांचं लग्न झालं. हा वेलस्ली म्हणजेच पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. १८३१ मध्ये किटी वारली, तोवर त्या संसारात दोघांनाही सुख लागलं नाही.

जेन ऑस्टिनच्या 'पर्सुएशन' या कादंबरीचा सांगाडा जवळजवळ हाच आहे. ॲन एलियट एकोणीस वर्षांची असताना एका वडीलधाऱ्या बाईच्या सल्ल्यावरून वेंटवर्थ या कफल्लक नौदल अधिकाऱ्याशी ठरलेलं लग्न मोडते. आठ वर्षांनी तो शत्रूची जहाजं पकडून मिळालेले पंचवीस हजार पौंड गाठीला बांधून परततो. पण या दोघांचा संसार सुखाचा होणार याबद्दल वाचकाला शंका राहत नाही, कारण मधल्या काळात दोघं एकमेकांना पुन्हा पाहतात, रागावतात, पारखतात. वेलस्लीने पारखणं वगळलं होतं.

रीजन्सी प्रणयकादंबरी हा प्रकार आज जगभर वाचला जातो तो याच पारखण्यासाठी, असं माझं मत आहे. नाचाच्या मैफली, मोत्यांच्या माळा, चार घोड्यांच्या बग्ग्या हे सगळं तिथे असतंच. पण यातल्या उत्तम कादंबऱ्या एक अवघड प्रश्न विचारतात: ज्या समाजात लग्न हा उघडउघड मालमत्तेचा व्यवहार आहे, तिथे तो व्यवहार पुरता मान्य करूनही दोन माणसं एकमेकांपर्यंत पोहोचू शकतात का? मराठी घरांत हा प्रश्न कुणाला समजावून सांगावा लागणार नाही. याद्या झाल्या, देणंघेणं ठरलं, आणि मग पुढच्या चाळीस वर्षांत कधीतरी माया जडली, अशा संसारांतूनच आपल्यापैकी बहुतेकांचे आजी-आजोबा आले आहेत.

रीजन्सीचा काळ म्हणाल तर अगदी थोडा. तिसऱ्या जॉर्ज राजाचा मानसिक आजार बळावल्यावर फेब्रुवारी १८११ मध्ये थोरला राजपुत्र 'रीजंट' म्हणून कारभार पाहू लागला आणि जानेवारी १८२० मध्ये राजा वारल्यावर स्वतः गादीवर बसला. नऊ वर्षं. त्यातच नेपोलियनशी लढाई, वॉटर्लू, लॉर्ड बायरन आणि ऑस्टिनच्या साऱ्या प्रसिद्ध कादंबऱ्या. खुद्द रीजंटचं वैवाहिक आयुष्य कुणाही कादंबरीकाराने भडक म्हणून टाकून दिलं असतं. १७८५ साली त्याने मारिया फिट्झहर्बर्ट या कॅथलिक विधवेशी गुपचूप लग्न केलं. राजाची परवानगी नसल्यामुळे ते कायद्याने ग्राह्य नव्हतं. मग कर्ज फिटावं म्हणून १७९५ मध्ये ब्रन्सविकच्या कॅरोलाइनशी लग्न, लवकरच फारकत, आणि १८२१ साली राज्याभिषेकाच्या दिवशी राणीला वेस्टमिन्स्टर ॲबीच्या दारातून परत पाठवणं. देशाचा पहिला नवराच असा होता.

या कादंबऱ्यांची गंमत कळायची तर कायदा थोडा तरी माहीत हवा. १७५३च्या हार्डविक कायद्यानुसार लग्न चर्चमध्येच लागायला हवं, त्याआधी तीन रविवार पुकारा व्हायला हवा किंवा परवाना काढायला हवा, आणि परवान्यावर लग्न करणारं कुणी एकवीस वर्षांखालचं असेल तर बापाची संमती हवी. हा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता. तिथे दोन साक्षीदारांसमोर 'हा माझा नवरा, ही माझी बायको' असं म्हटलं की लग्न लागलं. म्हणून सरहद्दीलगतचं ग्रेटना ग्रीन हे गाव पळून जाणाऱ्यांचं ठिकाण झालं आणि कादंबरीकारांना आयता पाठलाग मिळाला. कँटरबरीच्या आर्चबिशपकडून विशेष परवाना मिळाला तर कुठेही, केव्हाही लग्न लावता येई. आजकालच्या कादंबऱ्यांतला प्रत्येक ड्यूक तो खिशात घेऊनच हिंडतो.

लग्न लागल्यावर बाईचं वेगळं कायदेशीर अस्तित्व संपत असे. रोकड, दागिने, कमाई सगळं नवऱ्याचं. मुलांचा ताबाही त्याचाच. बापाने आधीच वकिलांकरवी करारनामा करून काही रक्कम विश्वस्तांकडे ठेवली असेल तर हातखर्च आणि वैधव्यातली तरतूद, एवढाच काय तो आधार. पूर्ण घटस्फोटासाठी पार्लमेंटचा स्वतंत्र कायदा लागे. १८५७ पूर्वीच्या दीडशे वर्षांत असे सव्वातीनशेच्या आसपास कायदे झाले, त्यांतले बायकांना मिळाले फक्त चार. इंग्लंडच्या चर्च-न्यायालयांतलं 'वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना' हे कलम पुढे मुंबईत आलं. मार्च १८८७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रखमाबाईंना 'नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात' असं सांगितलं, ते याच इंग्रजी तरतुदीच्या जोरावर. तेव्हा हे प्रकरण दूरदेशीच्या नटव्या लोकांचं आहे असं समजू नये.

या चौकटीत 'प्राइड अँड प्रेजुडिस' (१८१३) वाचली की आकडे बोलू लागतात. बेनेट कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला दोन हजार पौंड, पण इस्टेट वारसाहक्काने दूरच्या नात्यातल्या कॉलिन्सकडे जाणार. पाच मुली. एलिझाबेथच्या वाट्याला सरकारी रोख्यांतले हजार पौंड, तेही आई गेल्यावर. म्हणजे चार टक्क्यांनी वर्षाला चाळीस. डार्सीचं उत्पन्न दहा हजार. बाईसाहेब बेनेट मुलींच्या लग्नासाठी आरडाओरडा करतात, त्यांना आपण हसतो. पण त्या घरात हिशेब समजलेल्या त्या एकट्याच आहेत. आणि एलिझाबेथची मैत्रीण शार्लट सत्ताविसाव्या वर्षी मूर्ख कॉलिन्सला होकार देते, तेव्हा ऑस्टिन तिला दोष देत नाही. त्याच्या वाचनाच्या खोलीपासून लांब, मागच्या अंगाची खोली आपल्यासाठी निवडून शार्लट कसे दिवस काढते, एवढंच ती दाखवते. इतकी करुण आणि इतकी तटस्थ नजर मला प्रेमकथांत फार कमी दिसली आहे. ऑस्टिनने स्वतः डिसेंबर १८०२ मध्ये हॅरिस बिग-विदर या सधन तरुणाला संध्याकाळी होकार दिला आणि दुसऱ्या सकाळी तो मागे घेतला. शार्लटची वाट तिला ठाऊक होती.

ऑस्टिन स्वतःच्या काळाबद्दल लिहीत होती. त्या काळाची ऐतिहासिक प्रणयकादंबरी घडवली ती जॉर्जेट हेयरने. १९०२ मध्ये विम्बल्डनला जन्मलेली, मुलाखती न देणारी, टिपणवह्यांत टोप्यांपासून घोड्यांच्या साजापर्यंत सगळं टिपून ठेवणारी ही बाई. 'रीजन्सी बक' (१९३५) ही तिची या काळातली पहिली कादंबरी. पुढची साडेतीन दशकं ती लिहीत राहिली. 'कोटिलियन' (१९५३) मध्ये तिने देखण्या, बेदरकार पुरुषाला बाजूला सारून कपड्यांची आवड असलेल्या, फारसा हुशार न वाटणाऱ्या, पण वेळेला नेमकं काय करायचं हे कळणाऱ्या फ्रेडीला नायक केलं. 'एप्रिल लेडी' (१९५७) मध्ये नवऱ्याला वाटतं हिने पैशासाठी लग्न केलं, बायकोला वाटतं याने सोयीसाठी केलं. दोघंही प्रेमात आहेत आणि मध्ये एका शिंपिणीचं बिल उभं आहे.

पण हेयरचं सर्वांत मोठं काम म्हणजे 'अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट' (१९६१). ॲडम डेव्हरिल हा लढाईवरून परतलेला तरुण. बाप अचानक वारला, उमरावपद मिळालं आणि सोबत गहाण पडलेली जमीन. त्याचं प्रेम ज्युलियावर आहे, अतिशय देखण्या आणि हळव्या मुलीवर. लग्न मात्र त्याला करावं लागतं जेनी चॉलीशी. ती शहरातल्या एका गडगंज, मोठ्या आवाजाच्या व्यापाऱ्याची मुलगी, दिसायला साधी, अंगाने स्थूल. सौदा उघड आहे: व्यापाऱ्याला लेकीसाठी उमरावाचं घर हवं, उमरावाला घर वाचवायला पैसा हवा. जेनीने ॲडमवर आधीपासून मुकाट प्रेम केलं आहे, हे वाचकाला कळतं. ॲडमला कळायला फार वेळ लागतो.

हेयर इथे एकही सवलत घेत नाही. जेनी कधी सुंदर होत नाही. मेजवानीतल्या झुंबराखाली ॲडमला साक्षात्कारही होत नाही. जेनी त्याला काय खायला आवडतं ते लक्षात ठेवते, सासरच्या माणसांना सांभाळून घेते, बापाच्या भेटवस्तूंचा नवऱ्यावर पडणारा भार ओळखून मध्ये उभी राहते. सासऱ्याच्या प्रत्येक उपकाराने ॲडम अपमानित होतो, आणि हे अपमान इतक्या बारकाईने लिहिलेत की श्रीमंत सासुरवाडीच्या ओझ्याखाली वावरणारा कुणीही जावई ते ओळखेल. मग १८१५ चा जून येतो. लंडनमध्ये अफवा पसरते की वेलिंग्टन हरला. रोखे कोसळतात. सासरा म्हणतो, विकून टाक. वेलिंग्टनच्या हाताखाली लढलेला ॲडम उलट खरेदी करतो, त्याचा अंदाज खरा ठरतो, आणि तो प्रथमच सासऱ्याच्या पैशातून मोकळा होतो. मोकळा झाल्यावरच त्याला दिसतं की आपल्याला कुठेही जायचं नाहीये. ज्युलियावरचं प्रेम खोटं नव्हतं, पण आपलं आयुष्य जेनीबरोबर आहे. काही वाचकांना हा शेवट निराश करणारा वाटतो. मला तो या साऱ्या साहित्यप्रकारातला सर्वांत खरा वाटतो.

हेयरमध्ये एक मोठा डागही आहे. 'द ग्रँड सोफी' (१९५०) मधल्या ज्यू सावकाराचं चित्रण द्वेषाने भरलेलं आहे, आणि ते दुसऱ्या महायुद्धानंतर लिहिलं गेलं आहे. तिच्या कौशल्यावर लुब्ध असलेल्या वाचकानेही तिथे थांबून हे वाईट आहे असं म्हटलं पाहिजे.

तिच्यानंतर लाट आली. सातशेहून अधिक पुस्तकं लिहिणाऱ्या बार्बरा कार्टलंडच्या भोळ्या नायिकांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. अमेरिकेत १९७२ साली कॅथलीन वुडिविसच्या 'द फ्लेम अँड द फ्लॉवर'ने शय्यागृहाचं दार उघडलं, पण त्यात नायकच नायिकेवर बलात्कार करतो आणि पुढे त्यालाच प्रेम म्हटलं जातं. या वळणाचं मला कधीच समर्थन करता आलेलं नाही. त्यामानाने मूळची वेल्सची, कॅनडात स्थायिक झालेली मेरी बॅलॉग हेयरच्या वाटेने अधिक खोल गेली. तिच्या 'स्लाइटली मॅरीड' (२००३) मध्ये राहतं घर हातचं जाऊ नये म्हणून ईव्हला मुदतीच्या आत लग्न करणं भाग आहे, आणि मरणाऱ्या सहकाऱ्याला दिलेल्या शब्दाखातर एक कर्नल तिच्याशी लग्न करतो. दोघांचं ठरलेलं असतं की लग्न लागलं की आपापल्या वाटेने जायचं. पुढे काय होतं हे सांगायला नकोच.

ज्युलिया क्विनच्या 'द ड्यूक अँड आय' (२०००) पासून सुरू झालेली ब्रिजर्टन मालिका खेळकर आहे, संवाद चटपटीत आहेत. तिचा कमकुवतपणा पैशात आहे. तेव्हाच्या ब्रिटनमध्ये राजघराण्याबाहेरचे ड्यूक जेमतेम दोन-अडीच डझन होते. आजच्या कादंबऱ्यांत ते गल्लोगल्ली भेटतात, तरुण, धिप्पाड आणि अमर्याद श्रीमंत. नायकाकडे एवढा पैसा असला की लग्नातला व्यवहारच संपतो, आणि त्याबरोबर परीक्षाही. मग अडथळा म्हणून बालपणीचा घाव आणावा लागतो. याच पुस्तकात डॅफनी दारू प्यायलेल्या नवऱ्याच्या इच्छेविरुद्ध मूल होण्यासाठी संबंध ठेवते, त्यावर वाचकांनीच पुढे कडक आक्षेप घेतले. संमतीचा प्रश्न पुरुषाच्या बाजूनेही विचारला गेला, हे मला चांगलं लक्षण वाटतं.

डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या ब्रिजर्टनच्या दूरचित्रमालिकेने काळे-गोरे उमराव एकत्र नाचवले. पुस्तकातली केट शेफील्ड २०२२ मध्ये पडद्यावर केट शर्मा झाली आणि लंडनच्या वाड्यात बहिणी एकमेकींना हळद लावू लागल्या. इतिहासाशी फारकत म्हणून अनेकांनी नाकं मुरडली. त्यांनी ऑस्टिनची १८१७ सालची अपुरी कादंबरी 'सँडिटन' पाहावी: तिथे वेस्ट इंडीजहून आलेली मिस लॅम्ब ही मिश्रवर्णी वारसदार ऑस्टिननेच उभी केली आहे. खरा आक्षेप वेगळा असायला हवा. त्या वाड्यांतला पैसा कॅरिबियनमधल्या ऊसमळ्यांतून आणि आपल्या मुलखातून येत होता, हे ही मालिका जवळजवळ विसरते. कॅट सेबॅस्टियन आणि ऑलिव्हिया वेट यांनी पुरुष-पुरुष आणि स्त्री-स्त्री प्रेमकथा याच काळात रचल्या आहेत. जिथे कायदेशीर लग्न शक्यच नाही, तिथे एकत्र राहायचं कसं, हा प्रश्न त्यांना अटळपणे सोडवावा लागतो, म्हणून त्या मला ड्यूकांच्या गर्दीपेक्षा जास्त गुंतवतात.

एक गोष्ट मात्र जवळजवळ सगळ्याच लेखिका टाळतात: बाळंतपणातलं मरण. शेवटच्या प्रकरणात गुबगुबीत बाळ असतं. रीजंटची एकुलती औरस मुलगी शार्लट हिने बापाने सुचवलेला वर नाकारून मे १८१६ मध्ये राजपुत्र लिओपोल्डशी पसंतीने लग्न केलं. देश हरखला. ६ नोव्हेंबर १८१७ रोजी, मृत मुलाला जन्म दिल्यानंतर, एकविसाव्या वर्षी ती वारली. राजकन्येची ही गत, तर इतरांचं काय? लग्नाला होकार देताना त्या काळच्या बाईच्या मनात ही भीती असणारच. या भीतीला नायिकेच्या मनात जागा देणारी कादंबरी अधिक मोठी होईल.

या प्रकाराकडे पहिल्यांदाच वळत असाल तर ड्यूकांपासून सुरुवात करू नका. आधी 'पर्सुएशन' वाचा, मग 'अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट'. आणि घरात चाळीस-पन्नास वर्षं संसार केलेलं कुणी वडीलधारं असेल, तर जेनीची गोष्ट त्यांना सांगा आणि ॲडमबद्दल त्यांचं मत विचारा.