औषध पोहोचले का, हे आधी पाहा

कर्करोगावरचे औषध शिरेतून दिले की ते गाठीपुरते थांबत नाही. केसांची मुळे, अस्थिमज्जा, आतड्याचे अस्तर यांनाही त्याची झळ बसते. ते पॉलिमरच्या सूक्ष्म कणात कोंडून गाठीतच सोडावे, या विचाराला 1986 मध्ये बळ मिळाले. हिरोशी माएदा आणि यासुहिरो मात्सुमुरा यांनी दाखवले, की गाठीतल्या घाईने वाढलेल्या रक्तवाहिन्या झिरपतात, त्यामुळे मोठे रेणू आत शिरतात आणि तिथेच साचतात. पुढे कणाची घडण ठरत गेली. तो सहा नॅनोमीटरहून लहान असला तर मूत्रपिंड त्याला गाळून टाकते, दोनशेहून बराच मोठा असला तर प्लीहेत अडकतो. गाभा पीएलजीएचा, म्हणजे विरघळणाऱ्या टाक्यांच्या धाग्यातल्याच पदार्थाचा. शरीरात तो लॅक्टिक आणि ग्लायकॉलिक आम्लात मोडतो. यकृतातल्या भक्षक पेशींनी लगेच गिळू नये म्हणून वर पीईजी या पॉलिमरचा थर असतो. रॉबर्ट लँगर यांच्या गटाने 1994 मध्ये असे कण रक्तात दीर्घकाळ फिरवून दाखवले.

या रचनेत बुद्धी पणाला लागली आहे, यात शंका नाही. पण गाठ झिरपतेच, हे गृहीतक प्रत्येक रुग्णाला लागू करण्यात मोठी चूक झाली. टोरोंटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने 2016 मध्ये दहा वर्षांचे प्रयोग तपासले, तेव्हा टोचलेल्या कणांपैकी गाठीत पोहोचलेल्यांचा मध्यक 0.7 टक्के निघाला. हे प्रयोग प्राण्यांवरचे होते. उंदरात रोवलेली गाठ काही आठवड्यांत फुगते. माणसाची अनेकदा वर्षानुवर्षे वाढते. यावर आक्षेप असा, की मोकळे औषधही गाठीत थोडेच जाते आणि कणाचा फायदा दुष्परिणाम घटण्यात आहे. आक्षेप रास्त आहे. दक्षिण कोरियात 2007 मध्ये मान्यता मिळालेल्या जेनेक्सॉल-पीएम या पॉलिमरकणाने पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरचे औषध विरघळवण्यासाठी लागणाऱ्या, तीव्र ॲलर्जी आणणाऱ्या क्रेमोफोरची गरज संपवली. रुग्णासाठी ही मोठी सुटका आहे. मात्र तिचे श्रेय विद्रावक टाळण्याला आहे; औषध नेमके गाठीत उतरल्याचा तो पुरावा नव्हे.

त्यासाठी पाहावेच लागते. प्रतिमाचित्रणाला या क्षेत्रात जोडधंद्याचे स्थान मिळाले आहे, ते मला मान्य नाही. रचनेचा निवाडा त्यानेच व्हायला हवा. स्तनाचा कर्करोग पसरलेल्या 19 रुग्णांना किरणोत्सारी तांबे जोडलेले, औषध भरलेले कण देऊन पेट स्कॅन केले गेले. ते कण पॉलिमरचे नव्हते, मेदाचे होते, तरी प्रश्न तोच. गाठीगाठींत साचलेल्या कणांच्या प्रमाणात सुमारे पस्तीस पटींचा फरक आढळला. अशा रुग्णांची सरसकट सरासरी काढली, तर ज्यांना खरा लाभ होऊ शकतो तेही आकड्यांत बुडून जातात.

मग औषध आणि चित्रण एकाच कणात का घालू नये? कारण दोघांच्या गरजा भिन्न आहेत: औषधाला रक्तात रेंगाळणारा कण हवा, स्वच्छ चित्राला सभोवतालच्या रक्तातून लवकर निघून जाणारा. दोन्ही लादलेला कण बनवायला अवघड, तपासायला त्याहून अवघड. वेगळा चाचणीकण हा मार्ग मला अधिक सरळ वाटतो. कर्बोदकाचे कवच असलेला लोहकण फेरुमॉक्सिटॉल 2009 पासून अमेरिकेत रक्तक्षयावर वापरात आहे आणि एमआरआयमध्ये दिसतो. ज्या गाठींत तो जास्त साचला, त्या मेदकणातल्या इरिनोटेकॅन या औषधाने अधिक आक्रसल्या, असे एका छोट्या अभ्यासात आढळले. चाचणीकण आणि औषधकण तंतोतंत सारखे वागणार नाहीत आणि स्कॅनचा खर्चही वाढेल, हे खरे. तरीही ज्याच्या गाठीत कण शिरतच नाही त्याला महागड्या औषधाच्या फेऱ्या देत राहणे अधिक खर्चिक आहे, आणि त्या माणसाचा वेळही त्यात जातो. म्हणून नव्या पॉलिमरकणाच्या मानवी चाचणीत पहिल्या मात्रेआधी असे चित्रण व्हावे आणि निष्कर्ष गाठीतल्या साठ्यानुसार वेगवेगळे मांडले जावेत.