खैर आणि कात

विडा रंगला म्हणजे त्याचें श्रेय लोक पानाला देतात. वस्तुतः तो रंग कात आणि चुना यांच्या संयोगाचा होय. आणि कात म्हणजे खैराच्या गाभ्याचा अर्क.

खैर हें बाभळीच्या नात्यांतलें झाड. खडकाळ, रुक्ष जमिनींतही तें तग धरतें. बारीक दलांचीं पानें, जोडीजोडीनें येणारे आंकडेदार कांटे, फिकट पिवळे तुरे, चपट्या शेंगा. कवींनीं त्याच्याकडे फारसें पाहिलें नाहीं याचें नवल नको. त्याचें सारें वैभव आंत आहे. सालीखालचें पांढुरकें लांकूड ओलांडलें कीं तांबूस, जड, वाळवीला दाद न देणारा गाभा लागतो. मुसळें, तेलाचे घाणे, उसाचे चरक, नांगर, घराचे खांब यांसाठीं जुन्या लोकांनीं तोच पसंत केला. यज्ञांतील यूप खैराचा, मंगळाची समिधा खैराची. अमरकोशांत त्याचें एक नांव ‘दंतधावन’ असें आहे, आणि त्वचारोगावरील खदिरारिष्ट वैद्यांच्या परिचयाचें आहे.

कात काढण्यासाठीं गाभ्याचे ढलपे पाण्यांत उकळून रस गाळतात व आटवतात. दाट रस गार झाला कीं त्यांतील रवाळ भाग खालीं बसतो, कारण तो ऊन पाण्यांत विरघळतो, गार पाण्यांत फारसा विरघळत नाहीं. हा खाण्याचा कात. उरलेलें काळपट पाणी पुन्हा आटवून जो काळा कात होतो, तो कातडीं कमावण्यास, कापड रंगविण्यास आणि जाळीं व शिडें कुजूं नयेत म्हणून उपयोगी पडे.

हिरड्याचें फळ वेंचलें तरी झाड उभें राहतें. खैराचें तसें नाहीं. गाभा हवा तर झाड पडलेंच पाहिजे. बुंध्याला फुटवे येतात खरे, पण नवा गाभा भरण्यास वर्षें लागतात.

ठाणें व कुलाबा (आतांचा रायगड) येथील रानांत कातकरी हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या करीत. जमातीला नांवच त्यावरून पडलें. १८७८ च्या वनकायद्यानंतर जंगलें राखीव होत गेलीं, परवानगीवांचून झाड तोडणें गुन्हा ठरलें, आणि त्यांच्या चुली विझल्या. पुढें कोळसा पाडणें व वीटभट्टीची मजुरी हेंच अनेकांच्या वांट्यास आलें. धंदा मात्र बुडाला नाहीं. तो कारखान्यांत गेला, आणि खैराची चोरटी तोड आजही चालूच आहे. महाराष्ट्रांत ज्या तीन आदिवासी जमाती सर्वांत असुरक्षित म्हणून सरकारदप्तरीं नोंदल्या आहेत, त्यांत कोलाम व माडिया यांच्या जोडीला कातकरी आहेत.