आनंदाची फाईल

कागलात बालसंरक्षणाचं काम काय असतं, असं कुणी विचारलं तर मी आधी ‘झोंबी’ वाचायला सांगेन. आनंद यादव कागलचे, जन्म १९३५चा. १९८७ साली आलेल्या या आत्मकथेला १९९०चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिक्षणासाठी झुंजणाऱ्या पोराची गोष्ट म्हणून आपण ती वाचली. तिच्यातला एक प्रसंग मात्र गृहभेटी करणाऱ्या सामाजिक कार्यकर्त्याच्या नजरेने वाचला, तर ती चक्क एक केस आहे.

बापाने पोराची शाळा बंद करून त्याला रानात जुंपलंय. गुऱ्हाळ आटोपल्यावर पोरगं आईला गळ घालतं आणि दोघं गावातल्या बड्या असामीकडे, दत्ताजीराव देसायांकडे जातात. नवरा स्वतः राबत नाही, गावभर फिरतो आणि पोराला कामाला लावतो, असं आई सांगते. आम्ही येऊन गेलो हे त्यांना कळू देऊ नका, अशीही विनवणी करते. मग दत्ताजीराव बापाला बोलावून घेतात. थोड्या वेळाने पोरगं ठरल्याप्रमाणे, जणू बापाला जेवायला बोलवायला आल्यासारखं, तिथं पोचतं. त्याला शाळेचं विचारलं जातं, बापाची खरडपट्टी निघते आणि शाळा पुन्हा सुरू होते.

तक्रार करणाऱ्याचं नाव झाकलं, मुलाचं म्हणणं ऐकलं, पालकाला समोर बसवलं आणि मुलाला घरातून न हलवता तोडगा काढला. २०१५च्या बाल न्याय अधिनियमाला याहून फार वेगळं काही नको आहे. एक गोष्ट मात्र आजचा कार्यकर्ता टाळील. बापादेखत पोराला प्रश्न विचारणार नाही. रात्री ते पोरगं त्याच बापाबरोबर घरी जाणार असतं.

घरी आल्यावर बापाने अटी घातल्या. अकरापर्यंत रान, मग शाळा, शाळा सुटल्यावर तासभर गुरं, आणि कामाचा रेटा असेल त्या दिवशी शाळेला सुट्टी. आता या अटी २०१६ साली दुरुस्त झालेल्या बालकामगार कायद्यासमोर ठेवून पाहा. चौदा वर्षांखालच्या मुलाने शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या बिनधोक कामाला हातभार लावायला तो मुभा देतो. गुरांचा तास त्यात बसेल. सकाळचं रान बसवताना ओढाताण होईल. शाळा बुडवायची अट मात्र काही केल्या बसणार नाही. गृहभेटीला गेलेल्या माणसाचा अर्धा दिवस असल्याच अटींवर जातो. मोठे अत्याचार वर्तमानपत्रात येतात. ‘जरा हाताखाली घेतो हो’ हे कुठंच छापून येत नाही.

दत्ताजीरावांचा शब्द बापाला मोडवला नाही, कारण त्यांचं गावात वजन होतं. आजच्या कार्यकर्त्याला ते कुठलं? जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या रचनेत सामाजिक कार्यकर्ते दोन आणि क्षेत्रीय कार्यकर्ते दोन. कोल्हापूर जिल्हा बारा तालुक्यांचा, २०११च्या जनगणनेत लोकसंख्या ३८,७६,००१. नेमणूक कंत्राटी, मानधनावर. कोल्हापूरहून वीसेक किलोमीटर येऊन दारात उभं राहायचं आणि मालकाने ‘तुम्ही कोण?’ विचारलं की ओळखपत्र दाखवायचं. तरीही मला ही व्यवस्था जुनीपेक्षा बरी वाटते. दत्ताजीराव भले निघाले हे आनंदाचं नशीब. पोराची शाळा नशिबावर सोपवता येत नाही.

कार्यकर्त्याचं खरं हत्यार कागद. मूल सापडलं की प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढे हजर करायचं. समितीत एक अध्यक्ष, चार सदस्य. समितीने चौकशी सांगितली की पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल, आणि अंतिम आदेश चार महिन्यांच्या आत व्हावा अशी अपेक्षा. २०११ साली नॉर्वेत एका भारतीय जोडप्याची मुलं सरकारने ताब्यात घेतली आणि त्यावर पुढे सिनेमाही निघाला. तेव्हापासून ‘हे लोक मुलं उचलून नेतात’ अशी धास्ती शिकल्यासवरल्या घरांतही आहे. आपल्या कायद्यात मात्र मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय आहे. घर टिकावं म्हणून महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. दरमहा २,२५० रुपये.

अहवालाच्या पंधरा दिवसांचा हिशेब कागलात ऊसतोडीच्या हंगामात बिघडतो. तालुक्यात साखर कारखाने आहेत. दिवाळीच्या सुमाराला टोळ्या उतरतात आणि बीडकडची कुटुंबं फडाजवळ खोप्या घालतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल फिटेपर्यंत निघता येत नाही, मग थोरली पोर धाकट्याला सांभाळत खोपीत राहते. तिच्या अहवालात शेजाऱ्यांचं मत काय लिहायचं? शेजारी म्हणजे त्याच टोळीतला दुसरा कोयता. मुलीला तिच्या जिल्ह्यातल्या समितीकडे वर्ग करण्याची तरतूद आहे, पण तिच्या गावातल्या घराला तेव्हा कुलूप असतं. कागलच्या दक्षिणेला राज्याची हद्द ओलांडली की निपाणी आणि तिथून पुढे बेळगाव जिल्ह्याची समिती. सोयरिकी हद्द बघून होत नाहीत, फाइलींना मात्र हद्द असते.

देसायांच्या वाड्यावर त्या दिवशी एकाच पोराचा प्रश्न निघाला. अहवालाचा छापील नमुना, नमुना २२, इथं जास्त चौकस आहे. त्यात घरातल्या प्रत्येक माणसाचं वय आणि शिक्षण विचारलेलं असतं. तक्रार मुलाची असते, आणि रकाना भरताना कळतं की पंधरा वर्षांची बहीण दोन वर्षांपासून घरीच आहे. का, म्हटलं की आई पदराआड हसते आणि चहा ठेवते. अशा वेळी लग्नाची बोलणी चालली असावीत असं धरून चालावं लागतं. लग्नाचा धोका असलेली मुलगीही काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकांत मोडते, आणि महाराष्ट्रात खेड्यातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. त्याला त्याच गावात वसुलीला आणि ग्रामसभेला बसायचं असतं, म्हणून तो बऱ्याचदा म्हणतो, ‘नोटीस तुमच्याकडूनच येऊ द्या.’ मग अंगणवाडी सेविकेकडून जन्मतारीख तपासायची, शाळेतून दाखला काढायचा, मुहूर्ताआधी समितीपुढे अर्ज ठेवायचा. मुलाची फाईल मिटायच्या आत त्याच घराची दुसरी फाईल उघडलेली असते.