पेशीची भिंत आणि धनुर्वात

पायात गंजका खिळा घुसला की घरातले वडीलधारे माणूस पहिले वाक्य बोलते ते हे : ‘धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले आहेस ना?’ हा प्रश्न रोगाची वाट न पाहता आधीच का विचारायचा, रोग झाल्यावर औषध घेतले तर काय बिघडले, याचे उत्तर एका भिंतीत दडलेले आहे. ती भिंत म्हणजे आपल्या पेशीभोवतीचे पटल. त्याची जाडी इतकी अल्प की अशी दोन लक्ष पटले एकावर एक रचली तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल.

हे पटल मुख्यतः स्निग्ध द्रव्याचे असते. त्याच्या प्रत्येक रेणूला एक डोके आणि दोन शेपट्या असतात. डोक्याला पाणी प्रिय, शेपट्यांना नकोसे. असे रेणू पाण्यात सोडले की ते आपण होऊन दोन रांगा करतात : डोकी बाहेर पाण्याकडे, शेपट्या आत एकमेकींकडे. पाठीला पाठ लावून बसलेली दुहेरी पंगतच म्हणा ना! पंगतीतली माणसे सारखी जागा बदलत असतात, परंतु पंगत मोडत नाही. त्यांना कोणी खळ लावून चिकटवलेले नाही. पाणी टाळण्याची शेपट्यांची धडपड हाच या भिंतीचा चुना.

रांगा दोन आहेत हे हॉलंडमधील गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी 1925 साली सांगितले. तांबड्या रक्तपेशींतील स्निग्ध द्रव्य काढून त्यांनी ते पाण्यावर एकेरी थरात पसरले, तेव्हा त्याने पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापली. पुढे असे आढळले की त्यांच्या मोजणीत दोन चुका होत्या; पण त्या दोन्ही चुकांनी एकमेकींना खोडून काढले आणि निष्कर्ष मात्र खरा निघाला!

आमटीवरचे तेलाचे दोन ठिपके जवळ आले की चटकन एक होतात. पेशींचे तसे झाले असते तर आपले शरीर म्हणजे एक डबके होऊन बसले असते. तसे होत नाही, कारण पटलाच्या बाहेरच्या डोक्यांनी पाण्याचा पातळ थर घट्ट धरून ठेवलेला असतो. दोन पटले एक व्हायची तर ते पाणी मधून हुसकावून लावले पाहिजे, आणि त्याला जोर लागतो.

काही वेळा मात्र हे मीलन अत्यावश्यक असते. मज्जातंतूच्या टोकाशी संदेशद्रव्याने भरलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या असतात. पिशवीचे पटल तंतूच्या पटलाशी एकजीव झाले तरच संदेश बाहेर पडतो. तेथे लागणारा जोर प्रथिने पुरवितात. एक पेड पिशवीवर असतो, तीन पेड भिंतीच्या बाजूचे. त्यांची वेणी लांबच्या टोकापासून पटलांच्या दिशेने घातली जाते, आणि पीळ बसत जाईल तशी पिशवी भिंतीकडे खेचली जाते. प्रथम समोरासमोरच्या रांगा मिसळतात, मग आतल्या, आणि शेवटी छिद्र उघडते. कॅल्शियमचा इशारा मिळताच हे सारे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत घडू शकते. ही व्यवस्था उलगडल्याबद्दल रॉथमन, शेकमन आणि स्यूडहॉफ यांना 2013 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता धनुर्वाताकडे वळू. त्याचे जंतू मातीत असतात आणि जखमेत, जेथे हवा पोहोचत नाही, तेथे वाढून विष तयार करतात. हे विष मज्जातंतूत शिरून पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूपर्यंत चढते आणि तेथे पिशवीवरचा पेड कातरून टाकते. हे कात्रीचे काम 1992 साली इटलीतील पादुआच्या संशोधकांनी दाखवून दिले. पेड तुटला की वेणी नाही, वेणी नाही की संदेश नाही. आणि अडतो तो नेमका स्नायूंना ‘आवरा’ म्हणणारा संदेश! मग सगळे स्नायू एकदम ताणले जाऊन शरीर धनुष्यासारखे वाकते.

नीट न टिकवलेल्या डबाबंद अन्नात होणाऱ्या बोट्युलिनम विषाचा एक प्रकार हाच पेड, याच जागी कापतो. पण त्याचे कार्यस्थान स्नायूजवळचे टोक. तेथे ‘आवळा’ हा संदेशच अडतो आणि स्नायू लुळे पडतात. कात्री एकच, एके ठिकाणी ताणलेले धनुष्य, दुसरीकडे उतरलेली दोरी.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता मिळते. लशीमुळे रक्तात तयार होणारी रक्षक प्रथिने विषाला वाटेतच धरतात. पण ती मज्जातंतूच्या पटलापलीकडे जाऊन विष पकडू शकत नाहीत. विष एकदा आत गेले की ज्या भिंतीने आपले रक्षण करायचे, तीच त्याला आसरा देते. रोग्याला दिलेले प्रतिविष बाहेर उरलेल्या विषालाच गाठते. आतले नुकसान भरून निघण्यास आठवडेच्या आठवडे लागतात.

गर्भवतीला दिलेली लस नाळेवाटे बाळालाही हे संरक्षण देते. लसीकरण आणि स्वच्छ प्रसूती यांच्या बळावर 2015 साली भारतात नवजात बालकांच्या धनुर्वाताचे प्रमाण प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहून खाली आल्याचे मान्य झाले. तरी जंतू मातीतून नाहीसा झालेला नाही, आणि लशीचा प्रभाव कालांतराने ओसरतो. म्हणून मुलांच्या दहाव्या आणि सोळाव्या वर्षीचा डोस चुकवू नये. पहारा बसवायचा तो दाराबाहेर; चोर घरात शिरल्यावर नव्हे.