घडीची सायकल : स्टेशन ते ऑफिस

मुंबईची उपनगरे रेल्वेने उभी जोडली, आडवी जोडायची राहून गेली. मुलुंड-घाटकोपर मध्य रेल्वेवर, बोरिवली-अंधेरी पश्चिम रेल्वेवर. आणि मरोळ, सीप्झ, पवई ही नोकऱ्यांची ठिकाणे दोहोंच्या मधल्या पट्ट्यात. ८ जून २०१४ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली, तोवर घाटकोपरहून अंधेरीला रेल्वेने जायचे तर दादरचा वळसा घ्यावा लागे. ११.४ किलोमीटरच्या आणि १२ स्थानकांच्या त्या मार्गाने वळसा वाचवला. पण स्थानकाच्या जिन्यापासून ऑफिसच्या दारापर्यंतचे दोन-तीन किलोमीटर तसेच राहिले. रिक्षाच्या रांगेत जाणारा वेळ हा उपनगरातल्या नोकरदाराचा रोजचा, पगारात न दिसणारा खर्च आहे. मी मुलुंडचा. घडीच्या सायकलीचा विचार मी या खर्चापासून सुरू केला.

आधी थोडा इतिहास, कारण आजच्या बाजारातले बरेच प्रश्न त्यात सापडतात. दुसऱ्या महायुद्धात बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांसाठी मधोमध दुमडणारी सायकल बनवली. तिची चाके नेहमीच्याच आकाराची होती, त्यामुळे घडी घालूनही ती फार लहान होत नसे. घडी लहान हवी तर चाक लहान हवे, हे पुढच्यांनी ओळखले. १९७०च्या दशकाच्या मध्यात अँड्र्यू रिची याने लंडनमधल्या आपल्या फ्लॅटमध्ये १६ इंची चाकांची सायकल तयार केली. खिडकीतून दिसणाऱ्या ब्रॉम्प्टन ऑरेटरी या चर्चवरून तिचे नाव पडले. कॅलिफोर्नियात लेसरवर काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड हॉन यांनी १९८२मध्ये ‘डॅहॉन’ काढली. आज स्वस्तात मिळणाऱ्या बहुतेक घडीच्या सायकली याच धर्तीच्या असतात : २० इंची चाके, फ्रेमच्या मध्यावर बिजागरी, हँडलच्या दांड्यावर दुसरी आणि खाली सरकणारी सीट. उलट दिशेचा प्रयत्न आपल्याकडचा आहे. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी मोठ्या चाकांची, घडी होणारी विजेवरची सायकल बनवली. २०२३मध्ये आनंद महिंद्र यांनी ती चालवून दाखवल्यावर तिची बरीच चर्चा झाली. पण तिची किंमत माझ्या ‘परवडणाऱ्या’च्या व्याख्येत बसत नाही. माझी मर्यादा वीस हजारांची.

चाक लहान म्हणजे पाय जास्त मारावे लागणार, हा समज अर्धाच खरा आहे. २० इंची चाकावर ४७ मिलिमीटर रुंदीचा टायर असेल तर एका फेऱ्यात सायकल सुमारे १.५७ मीटर जाते. पुढच्या दातेरी चक्राला ४८ आणि मागच्याला १६ दाते असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात चाक तीनदा फिरते, म्हणजे ४.७ मीटर. मिनिटाला साठ फेरे या आरामाच्या गतीने ताशी १७ किलोमीटर होतात. तेच दाते १६ इंची, ३०५ मापाच्या चाकाला लावले तर वेग साडेतेराच्या आसपास येतो. म्हणून दुकानात चाकाइतकेच दातेही मोजावेत. स्वस्त सायकलींत पुढचे चक्र लहान असेल तर पाय भराभर फिरतात आणि माणूस मागेच राहतो.

लहान चाकाची खरी अडचण खड्ड्यांत कळते. ज्या खाचेवरून मोठे चाक तरून जाते, तिच्यात छोटे चाक उतरते. एलबीएस मार्ग किंवा एस. व्ही. रोडवर चालवायचे असेल तर बारीक टायरचा मोह टाळावा. टायरच्या कडेवर ४७-४०६ असे आकडे छापलेले असतात. पहिला रुंदीचा, दुसरा रिमचा. ‘२० इंची’ या एकाच नावाखाली ४०६ आणि ४५१ अशी दोन मापे येतात. ४०६ घ्यावे, कारण मुलांच्या सायकलींत ते सर्रास वापरतात आणि त्याची ट्यूब गल्लीतल्या दुकानातही मिळते. १६ इंचीतही ३०५ आणि ३४९ अशी दोन मापे आहेत.

मग वजन. या किमतीतल्या सायकली साधारण १२ ते १५ किलोच्या असतात. १४ किलो म्हणजे चौदा लिटर पाण्याने भरलेली बादली. ती घेऊन पादचारी पुलाचे दोन जिने चढवतील का, हे स्वतःला विचारावे. घरच्या वजनकाट्यावर आधी एकटे आणि मग सायकल उचलून उभे राहिले, तर जाहिरातीतला आकडा पडताळता येतो.

दुकानात घडी किमान दहा वेळा घालून पाहावी. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवावी. बिजागरीत खटखट जाणवली तर ती घेऊ नये. मुख्य खटक्याला सुरक्षेचा दुसरा अडसर हवाच. सीटच्या दांड्यावरची किमान खोलीची खूण दिसू न देता सीट आपल्या उंचीला पुरते का, हे पाहावे. मडगार्ड नसेल तर आपल्या पावसात पाठीवर चिखलाची रेघ ठरलेली.

आता पैशाचा हिशोब. १ फेब्रुवारी २०२५पासून रिक्षाचे किमान भाडे २६ रुपये आणि किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे झाले. तीन किलोमीटरला ५१ रुपये. दोन वेळा, २५ दिवस, म्हणजे महिना सुमारे अडीच हजार. १८ हजारांची सायकल सात महिन्यांत वसूल होते. तेच अंतर बेस्टने साध्या बसच्या १० रुपयांत कापणाऱ्याला महिना ५०० लागतात. त्याची वसुली ३६ महिन्यांची. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर साडेचार वर्षे. म्हणून ज्यांची बस वेळेवर येते त्यांना मी ही सायकल घ्या असे सांगणार नाही. शेअर रिक्षावाल्यांनी आपापला आकडा मांडून पाहावा.

आणि लोकलचे काय? सकाळी नऊच्या गर्दीत घडीही डब्यात शिरत नाही. तो विचार उलट्या दिशेने जाणाऱ्यांनी किंवा लवकर निघणाऱ्यांनी करावा. २ एप्रिल २०२२पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या २ए आणि ७ या मेट्रो मार्गांच्या गाड्यांत सायकलीसाठी जागा ठेवलेली आहे; तिथे साधी सायकलही चालते. घडीचा खरा उपयोग मला प्रवासाच्या दोन टोकांना दिसतो. चारशे चौरस फुटांच्या घरात ती दारामागे राहते, ऑफिसात टेबलाखाली. पंक्चर झाली किंवा आभाळ फुटले तर रिक्षात मावते. ज्यांच्याकडे दोन्ही टोकांना सायकल ठेवायला सुरक्षित जागा आहे, त्यांनी पाच-सात हजारांची साधी सायकल घ्यावी; तीच त्यांना जास्त पळवील. ज्यांच्याकडे अशी जागा नाही, आणि उपनगरात असेच लोक जास्त, त्यांनी घडीसाठी वरचे दहा-बारा हजार मोजावेत. ते पैसे प्रत्यक्षात जागेचे असतात, आणि या शहरात जागा इतक्या स्वस्तात दुसरीकडे कुठे मिळत नाही.