तळहाताएवढी वैमानिक

दिल्लीतील ‘हिंदूराव’ हे नाव आज तेथील रुग्णालयामुळे सर्वांना ठाऊक आहे. ते मूळचे एका मराठी सरदाराचे, म्हणजे ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू हिंदूराव घाटगे यांचे आहे, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना माहीत असते. याच परिसरात, मलकागंज भागात, हंसराज महाविद्यालय आहे. गुंजन सक्सेना या तेथील माजी विद्यार्थिनी. १९९९ च्या कारगिल युद्धात त्यांनी आणि श्रीविद्या राजन यांनी ‘चीता’ हेलिकॉप्टरमधून रसद पोहोचविणे, जखमींना हलविणे आणि शत्रूची ठाणी हेरणे ही जोखमीची कामे पार पाडली. चीता हे हलके आणि निःशस्त्र हेलिकॉप्टर, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कामाचे मोल कळते.

अशा वैमानिकेचा छोटा अर्धपुतळा रंगविणे हा अनेक छंदप्रेमींचा आवडता उद्योग आहे. तयार मिळणाऱ्या रेझिनच्या पुतळ्यांत बहुधा दुसऱ्या महायुद्धातील परदेशी वैमानिकाच भेटतात. म्हणून हौशी कलावंत इपॉक्सी पुट्टीने चेहरा व केस बदलून घेतात किंवा सारेच स्वतः घडवितात. प्रमाण सामान्यतः एकास दहा असते. या प्रमाणात डोळा सुमारे तीन मिलिमीटर रुंद होतो आणि बुबुळ मिलिमीटरहून किंचितच मोठे.

पुतळा प्रथम साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवावा, कारण साच्याचा तेलकटपणा राहिल्यास रंग धरत नाही. त्यानंतर करड्या प्रायमरचा पातळ थर द्यावा. तो वाळला की केवळ वरच्या दिशेने पांढऱ्याचा हलका फवारा मारावा. प्रकाश कोठे पडतो आणि सावली कोठे साचते, ते आपोआप दिसू लागते.

खरी परीक्षा त्वचेच्या रंगाची. ‘फ्लेश’ नावाने मिळणारा रंग युरोपीय वर्णाचा, गुलाबी असतो. तो जसाच्या तसा वापरला तर आपली वैमानिक परकी दिसू लागते. यलो ऑकर, बर्न्ट सिएना व थोडा पांढरा यांचे मिश्रण आपल्याकडील वर्णास अधिक जवळचे आहे. सावलीसाठी काळा मिसळू नये, त्वचा मळकट होते. गडद तपकिरीत निळ्याची किंचित छटा पुरते. उजाळ्यासाठी नुसता पांढरा घेतल्यास चेहरा खडू फासल्यासारखा दिसतो, तेव्हा त्यात ऑकर हवाच. ओठ त्वचेहून थोडेच तांबूस ठेवावेत. ओठ भडक रंगविण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्यामुळे वैमानिकेची बाहुली होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी मुरलेल्या कारागिराकडे असते. येथेही तोच न्याय लागू पडतो. डोळ्यातील पांढरा भाग शुभ्र नसावा, त्यात त्वचेचा रंग कणभर मिसळावा. बुबुळाचा वरचा काठ पापणीखाली झाकलेला असावा. तो उघडा राहिला तर मुद्रा भेदरलेली दिसते, आणि कारगिलच्या वैमानिकेची मुद्रा तशी असून कशी चालेल? नजर किंचित बाजूस वळलेली ठेवल्यास तिरळेपणाचा धोका टळतो. धनादेशावरील सही नमुन्याशी ताडून पाहणाऱ्या आम्हा मंडळींनाही दोन डोळे एकमेकांशी जुळविताना घाम फुटतो!

गणवेशाचा रंग २०२० च्या चित्रपटावरून न घेता १९९९ च्या छायाचित्रांवरून घ्यावा. छायाचित्रांतही ऊन-सावलीने छटा बदलते, म्हणून दोन-तीन चित्रे समोर ठेवावीत. खांद्यावरील व छातीवरील चिन्हे अगदी शेवटी रंगवावीत.

सर्व रंग पूर्ण वाळल्यावर चकाकी नसलेले व्हार्निश द्यावे. डोळ्यांवर मात्र टाचणीच्या टोकाने चकाकीच्या व्हार्निशचा एकेक बारीक थेंब ठेवावा. नजरेत ओलावा येतो आणि चेहरा जागा होतो.