काळ्या गाडीचा वैरी पाऊस नव्हे, वाळलेला थेंब

मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी कोणाला ठाऊक नाही? अंग काळे, टप पिवळा. ही रंगसंगती स्वातंत्र्यसैनिक वि. बा. गांधी यांनी सुचवली, असे सांगितले जाते. पिवळा टप दुरून नजरेस पडावा आणि काळ्या अंगावर डाग दिसू नयेत, असा त्यामागचा हिशेब होता म्हणतात. पहिली गोष्ट खरी ठरली. दुसरीबद्दल कोणाही टॅक्सीवाल्याला विचारा, तो हसेल! धुळीचा कण, पाण्याचा थेंब आणि फडक्याचा ओरखडा काळ्यावर जितका उठून दिसतो, तितका क्वचितच दुसऱ्या रंगावर दिसत असेल.

कुर्ल्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी ही या टॅक्सीची जुनी ओळख. टॅक्सी म्हणून शेवटच्या पद्मिनीची नोंद ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून तीही रस्त्यावरून उतरली. गाड्या नव्या आल्या, पण रंग तोच राहिला आणि रात्री उभे राहण्याची जागाही तीच, रस्त्याची कड. गिरगावच्या वाड्या आणि लालबाग-परळच्या चाळी उभ्या राहिल्या तेव्हा गाडी ठेवायचा विचार कोणी केला नव्हता. त्यामुळे टॅक्सी असो की हौसेने घेतलेली काळी खासगी गाडी, बारा महिने ती उघड्यावरच असते.

आमच्या वाचकांत टॅक्सी, गॅरेज आणि डेंटिंग-पेंटिंगच्या धंद्यातली मंडळी असतात. त्यांच्या उपयोगाचे काही मुद्दे येथे देत आहोत.

पाऊस धुतो, दव चिकटवते

मुंबईच्या दमट हवेने रंग जातो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. खरे पाहता नुसत्या ओलाव्याने चांगल्या रंगाचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते ओलावा वाळताना मागे जे उरते त्याने. जून ते सप्टेंबर पाऊस धो धो पडतो, तेव्हा गाडीवरची बरीचशी धूळ वाहून जाते. खरी कसोटी लागते ती पावसाळा संपल्यावर, थंडीच्या महिन्यांत.

उघड्या आकाशाखाली टप आणि बॉनेट यांतली उष्णता रात्री निघून जाते आणि पत्रा आसपासच्या हवेपेक्षाही थंड होतो. त्यावर दव पडते. हे दव धूळ भिजवण्याइतके असते, वाहून नेण्याइतके नसते. १९८२ च्या संपानंतर परळ-लालबागच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले. बांधकामाची धूळ त्या भागाला नवी नाही. त्या धुळीत सिमेंट असते आणि सिमेंट पाण्याशी मिळाले की धरते. सकाळी ऊन चढले की काळ्या पत्र्यावर ही खळ वाळून बसते.

गिरगाव आणि दादर समुद्राला लागून. तेथे हवेबरोबर मीठही येते. पावसाळ्यात घरातले मीठ पाझरते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेते. गाडीवरचे मीठही तसेच ओले राहते, आणि जेथे रंग उडून पत्रा उघडा पडला आहे तेथे गंजाला वाट करून देते. म्हणून खडा लागून उडालेला रंगाचा टवका पावसाळ्यापूर्वी टचअप करून घ्यावा. ते काम लहान आहे, पण टाळू नये.

पाणी कोणते?

महापालिकेच्या नळाला येणारे तानसा, वैतरणा, भातसा या तलावांचे पाणी मऊ असते. विहिरीचे व बोअरचे पाणी सहसा जड असते, आणि समुद्राजवळ तर खारटही. त्याचा थेंब वाळला की पांढरी कडी उरते. पिण्याचे पाणी गाड्यांवर ओतावे, असे आम्ही सांगणार नाही. पाणी बोअरचे असले तरी चालेल, मात्र ते गाडीवर आपोआप वाळू देऊ नये. उन्हात तापलेल्या गाडीवर पाणी मारू नये आणि धुतल्याबरोबर ती पुसून कोरडी करावी. ताजी कडी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तितकेच पाणी घालून हलक्या हाताने पुसल्यास बहुधा निघते. नंतर ती जागा धुऊन घ्यावी. डाग जुना झाला की तो रंगातच उतरतो.

एक बादली, एक फडके

पहाटे या भागातून फिरा. एकाच बादलीतले पाणी, एकच फडके आणि ओळीने उभ्या गाड्या! पहिल्या गाडीची वाळू पाचव्या गाडीवर घासली जाते. उन्हात किंवा दिव्याखाली काळ्या गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसतात, ते बहुतेक याच फडक्याचे असतात.

यावर उपाय साधा आहे. आधी नुसते पाणी मारून धूळ उतरवावी. दोन बादल्या घ्याव्यात, एकीत गाडीचा शांपू, दुसरीत फडके खळबळायला साधे पाणी. वरून खाली यावे, चाके शेवटी. चाकांचे फडके वेगळे असावे. कपड्यांची पावडर वापरू नये, ती मेण काढून टाकते. पुसायला मायक्रोफायबरचे स्वच्छ फडके घ्यावे आणि ते जमिनीवर पडले तर धुतल्याशिवाय पुन्हा गाडीला लावू नये. कोरडी धूळ झटकणे सर्वांत वाईट.

पक्ष्याची विष्ठा दिसली की त्याच दिवशी ओले फडके ठेवून मऊ करावी व उचलून घ्यावी, घासू नये. काळा पत्रा उन्हात अधिक तापतो, त्यामुळे डाग लवकर उतरतो. पर्जन्यवृक्षाखाली गाडी लावली तर किड्यांचा चिकट रस पडतो, तोही लगेच धुवावा. लालबागहून गिरगाव चौपाटीकडे विसर्जनाच्या मिरवणुका निघतात त्या दिवशी गाडीवर गुलाल बसला तर भरपूर पाण्याने वाहवून टाकावा, हात फिरवू नये.

कव्हरचेही तसेच. रेक्झिनचे कव्हर आत वाफ कोंडते आणि वाऱ्याने हलून खालची धूळ रंगावर घासते. कव्हर घालायचेच तर हवा खेळणारे, आतून मऊ, आणि तेही धुतलेल्या, कोरड्या गाडीवरच.

पॉलिशचा मोह

ओरखडे दिसले की मालक गाडी रबिंगला देतो. गाडी चकाकते, मालक खूश होतो. पण कंपाउंडने चकाकी येते ती वरचा थर घासून. हल्लीच्या गाडीवरचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यांतला वरचा पारदर्शक थर ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे सरासरी केसाहूनही पातळ. दर दिवाळीला रबिंग केले तर हा थर किती वर्षे पुरणार? तो गेला की लांबी, पॉलिशपेपर आणि नवा रंग, शिवाय टॅक्सी उभी राहील तितक्या दिवसांची कमाई बुडणार. त्यापेक्षा दर दीड-दोन महिन्यांनी मेण लावावे. महागडे सिरॅमिक कोटिंग केले तरी थेंब वाळू द्यायचा नाही, हा नियम सुटत नाही.

धुणाऱ्याचा हिशेब

आता धंद्याची गोष्ट. ओरखड्यांसाठी बोलणी खातो तो गाडी धुणारा पोरगा. पण महिन्याच्या तुटपुंज्या बोलीवर पहाटेच्या दोन-तीन तासांत त्याला गाड्यांची रांग उरकायची असते. घाई मालकाच्या दराने ठरवली आहे, फडक्याने नव्हे. त्याला गाडीमागे चार पैसे अधिक आणि दर महिन्याला फडक्यांचा नवा जोड दिला, तर ती रक्कम एका बॉनेटच्या रंगकामापुढे किरकोळ ठरते.

तरुणांनीही याचा विचार करावा. दोन बादल्या, डझनभर फडकी, शांपू, मेण आणि हाताने दाबायचा फवारणी पंप एवढ्या भांडवलावर हे काम सुरू होते. सामान ऑपेरा हाऊसच्या बाजारात मिळते. सुरुवात महिन्याच्या बोलीने न करता दर धुण्यामागे पैसे ठरवून करावी, गाड्या कमी घ्याव्यात आणि पहिली गाडी काळी निवडावी. काळ्या गाडीवर ज्याचा हात स्वच्छ दिसला, त्याला शेजारच्या गाड्यांचे काम मागत फिरावे लागत नाही.